प्रश्न कसा घालावा? : लीलावतीची साक्ष

गणित शिकविणें म्हणजे रीति समजावून सांगणें आणि मग त्या रीतीचीं पंधरावीस उदाहरणें मुलांकडून सोडवून घेणें, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. रीति ही शिकविण्याची मुख्य वस्तु आणि उदाहरण हें तिच्या सरावाचें साधन, असें एकदां मानलें म्हणजे उदाहरण कसें घातलें आहे, त्यांत हेच आंकडे कां योजिले आहेत, एका उदाहरणामागून दुसरें कां आलें आहे, ह्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. मूल चुकलें तर तें मुलाचें अज्ञान, एवढ्यावर निकाल लागतो. परंतु ज्यानें प्रश्न घातला त्याचेंहि कांहीं चुकलेलें असूं शकेल, हा विचार साडेआठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं आपल्याकडील एका थोर गणितज्ञानें मोठ्या स्पष्टपणें मांडून ठेवला आहे. नुसता मांडला आहे असें नव्हे, तर आपल्या ग्रंथांतील उदाहरणांच्या रचनेंत तो उतरविला आहे. तो गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य व तो ग्रंथ म्हणजे लीलावती. ह्या ग्रंथाची कीर्ति सर्वांना ठाऊक आहे. त्यांतील भुंगे, हंस व कमळें ह्यांचीं काव्यमय उदाहरणेंहि अनेकांच्या कानांवरून गेलेलीं असतात. आज त्या काव्यापेक्षां त्या उदाहरणांच्या घडणीकडे आपण पाहूं.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधील. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, असें त्यांनीं स्वतःच सांगितलें आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचला. लीलावती हा त्याचा अंकगणित व क्षेत्रगणित सांगणारा भाग; बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे बाकीचे तीन. लीलावती पद्यांत आहे. आधीं रीति सांगणारा श्लोक, लगेच पुढें उद्देशक म्हणजे उदाहरण आणि मग गद्यांत मांडणी व उत्तर, असा तिचा सर्वसाधारण क्रम. उद्देशकांत कधीं एखाद्या बालिकेला, कधीं सख्याला, तर कधीं गणकाला उद्देशून प्रश्न विचारलेला असतो. लीलावती ही आचार्यांची कन्या व घटिकापात्रांत मोतीं पडल्यामुळें तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा फैझीनें इ. स. १५८७ मध्यें अकबरासाठीं केलेल्या फारसी भाषांतरामुळें पसरली. मूळ ग्रंथांत ती नाहीं, आणि तिच्यावांचून ग्रंथाचें कांहीं अडतहि नाहीं.

ह्या ग्रंथांतील सर्वच उदाहरणें आचार्यांच्या कल्पनेंतून निघालीं, असें मात्र नव्हे. वाऱ्यानें मोडलेल्या वेळूचें उदाहरण घ्या. सरळ उभा वेळू मध्येंच मोडतो व त्याचें टोंक बुडापासून कांहीं अंतरावर जमिनीला टेकतें. तर तो किती उंचीवर मोडला? हा प्रश्न चीनमधील ‘गणिताचीं नऊ प्रकरणें’ ह्या सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत आहे. आपल्याकडे इ. स. ६२९ मध्यें आर्यभटीयावर टीका लिहिणाऱ्या पहिल्या भास्करानेंहि तो घातला आहे. कल्पना अशी जुनीच. पण तिच्यांत आंकडे कोणते भरावे, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. चिनी ग्रंथांत वेळूची लांबी १० व टोंकाचें अंतर ३ असल्यामुळें उत्तर ४ पूर्णांक ११/२० असें येतें. लीलावतींत लांबी ३२ हात व अंतर १६ हात आहे, आणि उत्तर येतें १२ हात. उभा राहिलेला भाग १२, जमिनीवरील अंतर १६ व मोडून पडलेला भाग २०. ह्या तिन्हींना चारानें भागलें म्हणजे ३, ४, ५ हा ओळखीचा काटकोन त्रिकोण समोर उभा राहतो. अपूर्णांकांशीं झुंजण्यांत शिकणाराची शक्ति खर्च होऊं नये, ती लांबीलांबींतील संबंध ओळखण्याकडे लागावी, हा अशा आंकड्यांचा लाभ.

मात्र आंकडे सोयीचेच द्यावे, असा आचार्यांचा बाणा नाहीं. काटकोन त्रिकोणाच्या प्रकरणाची सुरुवात पाहा. पहिलें उदाहरण अगदीं साधें आहे : कोटि म्हणजे उभी बाजू ४, भुज ३, तर कर्ण किती? उत्तर ५. मग कर्ण व एक बाजू देऊन दुसरी बाजू विचारली आहे. एवढ्यावर थांबलें तर कर्ण नेहमीं पूर्णांकांतच येतो, असा मुलाचा ग्रह होण्याचा संभव. म्हणून पुढचें उदाहरण येतें तें असें : दोन्ही बाजू सव्वातीन सव्वातीन, तर कर्ण सांग. येथें कर्णाचा वर्ग येतो १६९/८, आणि त्याचें मूळ कांहीं केल्या नेमकें निघत नाहीं. आचार्य जवळचें मूळ काढण्याची रीति देतात व ४ पूर्णांक ४७७/८०० हें उत्तर दाखवितात. पहिल्या यशानें आलेला फाजील विश्वास ह्या उदाहरणानें वेळींच आवरला जातो.

वेळूच्या पाठोपाठ मोर व साप येतात. नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे, आणि खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे येत आहे. मोर त्याच्यावर तिरपी झेप घालतो. दोघांची चाल सारखी. तर बिळापासून किती हातांवर गांठ पडेल? वरवर पाहतां ह्या प्रसंगाचा मोडलेल्या वेळूशीं कांहीं संबंध नाहीं. पण विचार करणाऱ्या मुलाला कळून येतें कीं, सापानें कापलेलें अंतर मोराच्या झेपेइतकेंच आहे. म्हणून बिळापासून गांठीपर्यंतचें अंतर व झेप हीं मिळून २७ हात होतात. वेळूच्या उदाहरणांत उभा भाग व पडलेला भाग मिळून ३२ हात होत होते, तशीच ही बेरीज. तेथें उभी बाजू काढावयाची होती, येथें आडवी काढावयाची आहे, रीति तीच. उत्तरहि योगायोगानें १२ च येतें, आणि त्रिकोण होतो ९, १२, १५ असा. पुढें दोन वानरांचें उदाहरण आहे. झाडाची उंची १०० हात व विहीर २०० हातांवर. एक वानर खालीं उतरून चालत विहिरीवर जातो. दुसरा झाडाच्या शेंड्यावरून आणखी वर उडी घेऊन तेथून तिरपा विहिरीवर येतो. दोघांची वाट सारखीच भरली, तर उडी किती उंच? उत्तर ५० हात, आणि त्रिकोण १५०, २००, २५० असा. म्हणजे वेळू, मोर व वानर असे तीन प्रसंग, आणि तिन्हींच्या पोटांत ३, ४, ५ हीच एक आकृति. ह्यांच्यामध्येंच तळ्यांतल्या कमळाचें उदाहरण बसविलें आहे. पाण्यावर अर्धा हात आलेली कळी वाऱ्यानें कलून दोन हातांवर बुडाली, तर पाणी किती खोल? तेथें दोन बाजूंची बेरीज दिलेली नसून वजाबाकी दिलेली आहे, आणि उत्तर पावणेचार हात. सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत वेगळेपण कोठें आहे व वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींत सारखेपण कोठें आहे, हें शोधण्याची संवय अशा क्रमानेंच लागते. एका सांच्याचीं वीस उदाहरणें ओळीनें घालून ती लागत नाहीं. कारण तेथें पहिलें उदाहरण सुटलें म्हणजे उरलेल्या एकोणीसांत केवळ हात चालतो.

उदाहरणांतील गोष्ट ही केवळ शोभेसाठीं असते, असें मानणारे पुष्कळ आहेत. भुंग्यांच्या उदाहरणावरून त्यांचें समाधान होण्यासारखें आहे. भुंग्यांच्या एका थव्याच्या निमपटीचें वर्गमूळ घेतलें तर जी संख्या येईल तितके भुंगे मालतीकडे गेले. सबंध थव्याचे आठ-नवमांशहि तिकडेच गेले. आणि सुगंधाच्या लोभानें रात्रीं कमळांत कोंडला गेलेला एक भुंगा आंत गुंजारव करीत राहिला, तर त्याची भुंगी बाहेरून त्याला साद देत राहिली. थव्यांत भुंगे किती? उत्तर ७२. त्याची निमपट ३६, तिचें वर्गमूळ ६; आठ-नवमांश ६४; उरले दोन. मिळून ७२. आतां ही गोष्ट भुंग्यांची आहे म्हणून उत्तर पूर्णांकच असलें पाहिजे, त्याला नवानें भाग गेला पाहिजे, आणि त्याची निमपट पूर्ण वर्ग असली पाहिजे. चुकीचें उत्तर आलें तर बहुधा ह्या तिहींपैकीं एखादी अट मोडते आणि शिक्षकानें वही पाहण्याच्या आधींच मुलाला आपली चूक उमगते. गोष्टींतच ताळा पाहण्याची सोय करून ठेवलेली आहे. हेंच उदाहरण आचार्यांनीं आपल्या बीजगणितांतहि पुन्हां घेतलें असून तेथें तें अव्यक्त संख्या मानून सोडविलें आहे. एकाच प्रश्नावर दोन वाटांनीं जातां आलें म्हणजे कोणती वाट कां जवळची, ह्याचाहि विचार सुरू होतो.

येथपर्यंतचें कौशल्य हें एका रसिक व अनुभवी शिक्षकाचें म्हणतां येईल. परंतु लीलावतीचें खरें धैर्य चौकोनांच्या प्रकरणांत दिसतें. चौकोनाच्या चार बाजू दिल्या असतां क्षेत्रफळ काढण्याचें एक प्रसिद्ध सूत्र ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें दिलें होतें. चारी बाजूंच्या बेरजेची निमपट करावी, तींतून एकेक बाजू वजा करावी, त्या चार बाक्यांचा गुणाकार करून त्याचें वर्गमूळ घ्यावें. ज्या चौकोनाचे चारी कोन एका वर्तुळावर बसतात त्याच्यापुरतें हें सूत्र अचूक आहे. पण ती मर्यादा न सांगतां तें सरसकट वापरलें जात होतें. भास्कराचार्य तें सूत्र देतात, तें त्रिकोणाला बरोबर लागतें पण चौकोनाला स्थूल आहे असें बजावतात, आणि लगेच एक उदाहरण घालतात : पाया १४, माथा ९, बाजू १३ व १२, आणि लंबहि १२; तर क्षेत्रफळ किती? सूत्रानें करूं जातां गुणाकार येतो १९८०० आणि त्याचें मूळ १४१ ला थोडें कमी. पण पाया व माथा समांतर आहेत, लंब माहीत आहे. तेव्हां त्यांच्या बेरजेची निमपट करून लंबानें गुणलें कीं खरें क्षेत्रफळ १३८ हें सरळ हातीं येतें. उदाहरण मुद्दाम असें रचलें आहे कीं, नुकतीच शिकविलेली रीति त्यावर चालवून पाहावी व ती फसलेली पाहावी. आपल्याच पाठांतील सूत्राची उणीव दाखविणारें उदाहरण विद्यार्थ्याच्या हातीं देणारे शिक्षक कोणत्याहि काळीं थोडेच.

आचार्य येथेंच थांबत नाहींत. उणीव कां आहे तें ते समजावून देतात. चौकोनाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना आंत दाबलें तर त्यांमधील कर्ण आंखूड होतो, दुसरा कर्ण लांबतो, बाजू मात्र तितक्याच राहतात. मग ते २५ बाजूचा समभुज चौकोन घेतात. त्याचा एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो व क्षेत्रफळ ६००. एक कर्ण १४ धरला तर दुसरा ४८ व क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण सारखे धरले तर क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, आणि क्षेत्रफळें तीन. हवीं तर आणखीहि कितीतरी. तेव्हां केवळ चार बाजू सांगून चौकोनाचें क्षेत्रफळ विचारणें हा प्रश्नच नव्हे. एऱ्हवीं मृदु असणारी आचार्यांची लेखणी येथें विलक्षण कडक होते. चौकोनाची ही अनियत स्थिति न जाणतां जो असा प्रश्न विचारतो तो पिशाच, आणि जो त्याचें उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असें ते बजावून सांगतात. गणिताच्या ग्रंथांत शिक्षकाला इतक्या स्पष्ट शब्दांत जबाबदार धरलेलें क्वचितच आढळेल. उत्तर देणारा तर दोषी आहेच. पण नांव आधीं घेतलें आहे तें प्रश्न विचारणाराचें.

अनेक उत्तरें असणाऱ्या प्रश्नानंतर ज्याला उत्तरच नाहीं असा प्रश्नहि त्यांनीं सोडलेला नाहीं. एखाद्या धृष्टानें २, ६, ३ व १२ बाजूंचा चौकोन किंवा ३, ६ व ९ बाजूंचा त्रिकोण सांगितला, तर तें अक्षेत्र आहे, म्हणजे तशी आकृतिच होत नाहीं, असें उत्तर द्यावें. एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असली कीं आकृति मिटत नाहीं, हें त्याचें कारण. आणि हें पटवावें कसें? त्या त्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन बाजूंच्या जागीं ठेवून दाखवाव्या, असें ते सुचवितात. बाराव्या शतकांतील ह्या काड्या आजहि कोणत्याहि घरांत मिळतील, आणि दहा वर्षांच्या मुलाला जें सांगून कळणार नाहीं तें त्या काड्या घडीभरांत दाखवून देतील.

अशा ग्रंथाची परंपरा आपल्या प्रदेशांत चांगली जपली गेली. आचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारीं ज्योतिषी होता. त्यानें खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्या मठाला दान दिलें. इ. स. १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणिला; त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. गणिताच्या अध्ययनासाठीं मठ आणि त्याच्या खर्चाची नोंद मराठींत, ही गोष्ट आपल्याला अभिमान वाटावी अशीच आहे. पुढें कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं इ. स. १५४५ मध्यें लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली व रीतींच्या उपपत्ति दिल्या. इंग्रजींत जॉन टेलर यांचें भाषांतर मुंबईस १८१६ मध्यें, तर कोलब्रुक यांचें लंडनास १८१७ मध्यें प्रसिद्ध झालें.

परंतु विद्वानांच्या मठांत जें होतें तें गांवोगांवच्या पंतोजींच्या शाळेंत पोंचलें नाहीं. तेथें उजळणी होती : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. शेर, पायली, रुपये, आणे ह्यांचे व्यवहार तोंडीं उलगडणारीं माणसें त्या उजळणीनेंच तयार केलीं. तोंडपाठ आंकडे हें गणिताचें भांडवल आहे. मात्र भांडवल साठविणें निराळें आणि व्यापार करणें निराळें. उजळणीनें मुलाला झटपट उत्तर देतां येई. समोर आलेला प्रश्न धड आहे कीं नाहीं, हें विचारण्याची संवय तिच्यांतून लागणें शक्य नव्हतें. पुढें छापील क्रमिक पुस्तकें आलीं, तेव्हां पाठांतराच्या जोडीला एकाच सांच्याच्या उदाहरणांच्या लांबलचक याद्या आल्या, आणि ही उणीव तशीच राहिली.

ह्या प्रवाहाच्या उलट पोहणाऱ्या एका शिक्षकाचें नांव येथें घेणें अवश्य आहे. दिल्ली कॉलेजांतील मास्तर रामचंद्र यांनीं महत्तम व लघुतम मानांच्या प्रश्नांवर एक इंग्रजी ग्रंथ लिहून १८५० मध्यें कलकत्त्यास छापविला. असे प्रश्न सामान्यतः कलनशास्त्रानें सोडवीत. रामचंद्रांचें म्हणणें असें कीं, भारतीय बुद्धीला बीजगणिताची जी जुनी आवड आहे तिच्या आधारानें हे प्रश्न शिकवावे, म्हणजे ती आवड पुन्हां जागी होईल. त्यांच्या रीतीची कल्पना एका साध्या उदाहरणावरून येईल. २४ हात लांबीच्या दोरीनें आयत घेरावयाचा आहे. क्षेत्रफळ जास्तींत जास्त किती होईल? लांबी व रुंदी मिळून १२ हात. तेव्हां एक बाजू सहापेक्षां जितकी अधिक, तितकीच दुसरी सहापेक्षां उणी. त्या अधिक-उण्याचा वर्ग ३६ मधून वजा केला कीं क्षेत्रफळ येतें. वर्ग कधींहि ऋण होत नाहीं, म्हणून क्षेत्रफळ ३६ च्या पुढें जाऊं शकत नाहीं. आणि तें ३६ होतें तेव्हां दोन्ही बाजू सहा सहा असतात. ह्यांत कलनशास्त्राचें नांवहि नाहीं. भास्कराचार्यांच्या २५ बाजूच्या चौकोनाप्रमाणेंच येथेंहि बाजूंची बेरीज कायम असून क्षेत्रफळ बदलतें. ज्याला एक उत्तर नाहीं त्या प्रश्नालाच थोडें वळवून, सर्वांत मोठें उत्तर कोणतें, असें विचारलें कीं केवढा सुंदर प्रश्न तयार होतो! इंग्लंडमधील प्रसिद्ध गणिती ऑगस्टस् डी मॉर्गन यांना ह्या ग्रंथाचें महत्त्व पटलें, आणि त्यांच्या देखरेखीखालीं १८५९ मध्यें तो लंडनास पुन्हां छापला गेला.

विसाव्या शतकांत ह्याच विषयावर सर्वांत अधिक वाचलें गेलेलें पुस्तक जॉर्ज पोल्या यांचें. हंगेरींत जन्मलेल्या ह्या गणितज्ञानें १९४५ मध्यें, प्रश्न कसा सोडवावा हें सांगणारें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत पहिली पायरी सांगितली आहे ती प्रश्न समजून घेण्याची. दिलेल्या अटी पुरेशा आहेत काय? कीं अपुऱ्या आहेत? कीं जरुरीपेक्षां जास्त आहेत? कीं एकमेकींशीं विसंगत आहेत? हे प्रश्न विद्यार्थ्यानें स्वतःला विचारावे, असा त्यांचा उपदेश. लीलावतीचें चौकोनांचें प्रकरण ज्यानें वाचलें आहे त्याला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. चार बाजूंचा चौकोन ही अपुरी अट. ३, ६ व ९ चा त्रिकोण ही विसंगत अट. आणि लंबासह दिलेला चौकोन हा नेमक्या अटींचा नमुना. फरक इतकाच कीं पोल्यांनीं जें सूचना म्हणून लिहिलें तें आचार्यांनीं उदाहरणांतच घालून ठेविलें.

ही संवय नसली म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला फ्रान्समध्यें मिळाला. तेथील ग्रनोब्ल येथल्या गणित-शिक्षणाच्या संशोधन संस्थेनें १९७९ च्या सुमारास प्राथमिक शाळेंतील सात ते नऊ वर्षांच्या मुलांना एक प्रश्न घातला. एका जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत. तर कप्तानाचें वय किती? ९७ मुलांपैकीं ७६ मुलांनीं दिलेले आंकडे घेऊन कप्तानाचें वय काढून दिलें. ह्या मुलांना बेरीज येत नव्हती असें नाहीं. बेरीज येत होती म्हणून तर तीं फसलीं. शाळेंत घातलेल्या प्रश्नाला उत्तर असतेंच, तें दिलेल्या सर्व आंकड्यांतून काढावयाचें असतें, आणि प्रश्नाविषयीं शंका घेणें हें आपलें काम नव्हे, एवढें तीं नकळत शिकलीं होतीं. आणि हें त्यांना कोणी शिकविलें? कोणत्याहि शिक्षकानें तोंडानें नव्हे. शेंकडों सुबक, नीटनेटक्या, कधींहि न अडखळविणाऱ्या उदाहरणांनीं तें शिकविलें. आचार्यांनीं पिशाच हा शब्द रागाच्या भरांत वापरला नव्हता, हें येथें पटतें. जो न पारखतां उत्तर देतो तो पुढें बाजारांत, कचेरींत किंवा सभेंतहि न पारखतांच उत्तर देईल. कोणी दोन आंकडे समोर ठेवून एखादें अनुमान गळीं उतरवूं लागला, तर त्या आंकड्यांवरून तें अनुमान निघतें तरी का, हें विचारण्याचें त्याला सुचणार नाहीं.

तेव्हां घरीं मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईबापांनीं व वर्गांत शिकविणाऱ्या गुरुजनांनीं उदाहरण घालतांना आंकड्यांचा विचार आधीं करावा. नवी रीति शिकवितांना ते असे असावे कीं हिशेबाच्या ओझ्याखालीं रीति दडून जाऊं नये, आणि आलेलें उत्तर मुलाला स्वतः पडताळून पाहतां यावें. तीच रीति दुसऱ्या वेषांत आणून ती ओळखतां येते का तें पाहावें, आणि जवळच तिच्यासारखें दिसणारें पण निराळें असें एक उदाहरण ठेवावें. आठवड्यांतून एकदां तरी असा प्रश्न घालावा कीं ज्याला एकाहून अधिक उत्तरें आहेत, किंवा ज्याला उत्तर नाहीं, आणि तसें कारणासह सांगणाऱ्या मुलाला पूर्ण गुण द्यावे. चार काड्या व एक दोरी एवढें साहित्य त्यासाठीं पुरें होईल. पहिल्या वेळीं मूल गोंधळेल, कदाचित् रुसेलहि. प्रश्नच चुकीचा आहे असें म्हणण्याची मुभा आपल्याला आहे, हें त्याला खरें वाटणार नाहीं. दुसऱ्या तिसऱ्या वेळीं तें प्रश्न दोनदां वाचूं लागेल. भास्कराचार्यांच्या नातवानें पाटण येथें मठ उभारला तो अशाच अभ्यासासाठीं. तो अभ्यास आपल्या घरांतून चालू झाला तर त्या दानाचें सार्थक आजहि होईल.